कॉर्न म्हणजे मका, पण दर वेळी नाही: या चुका टाळा

शाळेत पाठ केलेलं असतं, कॉर्न म्हणजे मका. अमेरिकन इंग्रजीत ते बिनधोक चालतं. ब्रिटिश इंग्रजीत, त्यातही जुन्या मजकुरात, कॉर्न म्हणजे त्या भागातलं मुख्य धान्य: इंग्लंडात बहुधा गहू, स्कॉटलंडात ओट्स.

म्हणून ब्रिटनच्या इतिहासातल्या ‘कॉर्न लॉज’ना ‘मक्याचे कायदे’ म्हणू नका. १८१५ साली आलेले आणि १८४६ मध्ये रद्द झालेले हे कायदे परदेशी धान्याची, मुख्यतः गव्हाची, आयात रोखून जमीनदारांचे भाव सांभाळत होते. ‘धान्य कायदे’ म्हणा. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये याकोबाला मिसर देशात ‘कॉर्न’ असल्याचं कळतं. तिथे मका कुठून येणार? तो मूळचा मेक्सिकोकडचा. कोलंबसानंतरच उरलेल्या जगात पोचला.

स्वयंपाकघरात मात्र ही चूक थेट ताटात उतरते. आपल्या दुकानात मिळणारं पांढरंशुभ्र, चिमटीत करकरणारं कॉर्नफ्लोअर म्हणजे मक्याचा निव्वळ स्टार्च. अमेरिकेत त्याला कॉर्नस्टार्च म्हणतात. तिथल्या पाककृतीत ‘कॉर्न फ्लोअर’ लिहिलं असेल तर ते मक्याचं दळलेलं पीठ, आणि ‘कॉर्नमील’ म्हणजे मक्याचा रवा. सूप खरखरीत लागतंय, तकाकी येत नाही? पीठ पडलंय. कॉर्नब्रेडला मक्याची चवच नाही, खुसखुशीतपणाही नाही? मग रव्याऐवजी स्टार्च गेला. स्टार्च घातलेल्या सुपातही गुठळ्या झाल्या, तर दोष नावाचा नाही. तो आधी गार पाण्यात कालवायचा, मग उकळत्या सुपात सोडायचा. पाकीट घेताना समोरच्या नावापेक्षा मागची घटकांची यादी वाचलेली बरी.

‘कॉर्न्ड बीफ’मध्येही मका शोधू नका. पूर्वी मांस खारवायला जाड्या मिठाचे खडे वापरत, त्या खड्यांना दाणे या अर्थाने कॉर्न म्हणत. पेपरकॉर्न म्हणजे मिरीचा दाणा, तोही याच अर्थाने.

पायाला होणारं कॉर्न, म्हणजे कुरूप, याचा धान्याशी काहीच संबंध नाही. तो शब्द लॅटिनमधल्या ‘शिंग’ या अर्थाच्या शब्दावरून आला. धान्य या अर्थी कॉर्न मोजत नाहीत, कुरूप मोजतात. पावसात दोन कणसं खाल्ली हे सांगताना ‘टू कॉर्न्स’ म्हटलंत, तर ऐकणाऱ्याला भलतंच काही वाटेल. ‘टू इअर्स ऑफ कॉर्न’ म्हणा.