अनोळखी रेडिओ संकेताचा उगम कसा शोधावा

कोणत्याही केंद्राशी न जुळणारा आवाज रेडिओवर वारंवार उमटू लागला, तर अँटेना घेऊन बाहेर पडण्याआधी आठवडाभर त्याची नोंद ठेवावी: वारंवारता, वेळ, तेव्हा पाऊस होता का, गावात वीज होती का. निम्मा शोध या वहीतच लागतो. सकाळ-संध्याकाळी साडेपाचच्या आसपास ४०० ते ४०६ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात संकेत येऊन तास-दोन तासांत विरत असेल, तर तो बहुधा हवामान खात्याच्या फुग्याचा असतो. असे फुगे पणजीहूनही सोडले जातात. कोरड्या हवेत वाढणारी आणि पाऊस पडताच थांबणारी घरघर विजेच्या खांबावरील सैल जोडाकडे बोट दाखवते.

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, जिथे गवे आणि रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी झटक्याच्या तारा लावतात, तिथे मध्यम लहरींवर (मीडियम वेव्हवर) सेकंदा-सव्वासेकंदाला एक ‘टक्’ ऐकू आल्यास पहिला संशय त्या तारांवरच घ्यावा. वीज गेल्यावरही टकटक चालू राहिली, तर संशय आणखी बळावतो, कारण तारांना झटका देणारी यंत्रे बहुधा बॅटरीवर चालतात.

मध्यम लहरींवरील शोधासाठी साधा ट्रान्झिस्टर पुरेसा आहे. त्याच्या आत अँटेनाचे काम करणारी फेराइटची कांडी आडवी बसवलेली असते आणि तिचे टोक उगमाकडे वळले की आवाज सर्वांत क्षीण होतो. आवाज कुठे मोठा येतो हे पाहण्याचा मोह टाळावा. मोठेपणा बऱ्याच अंशांपर्यंत सारखाच वाटतो, क्षीण होण्याची जागा मात्र नेमकी सापडते. तेव्हा कांडी दाखवते ती रेषा दोन्ही बाजूंना जाते, म्हणून उगम पुढे आहे की मागे हे एका ठिकाणाहून कळत नाही. पहिल्या रेषेपासून शक्यतो काटकोनात बाजूला सरकून दुसरी रेषा घ्यावी, मग तिसरी, आणि तिन्ही नकाशावर आखाव्यात. पाच अंशांची चूक तीन किलोमीटरवर सुमारे २६० मीटरची होते, त्यामुळे रेषा एका बिंदूत न मिळता छोटा त्रिकोण झाला तरी काम योग्य चालले आहे असे समजावे. मोबाइलमधील होकायंत्र मोटारसायकलजवळ धरू नये. हे काम दिवसाच करावे, कारण सूर्यास्तानंतर मध्यम लहरी वातावरणाच्या वरच्या थरावरून परतू लागतात आणि दिशा डळमळते. वीजवाहक तारांखाली तर दिशा घेऊच नये. त्या तारा आवाज दूरवर वाहून नेतात.

व्हीएचएफ किंवा यूएचएफ, म्हणजे ३० मेगाहर्ट्झच्या वरच्या संकेतासाठी हातात धरायची तीन कांड्यांची यागी अँटेना लागते; ती ज्या दिशेला रोखावी तिकडचा संकेत जोरात पकडते. तिची पहिली दिशा येळ्ळूरच्या राजहंसगडासारख्या उघड्या उंचवट्यावरून घेणे उत्तम. जांबोटीकडच्या दऱ्यांत डोंगरावरून परावर्तित झालेला संकेत कधी कधी मूळ संकेताहून जोरदार भासतो. बेळगावच्या कॅन्टोन्मेंटच्या आणि सांबऱ्याच्या विमानतळाच्या परिसरात मात्र अँटेना घेऊन फिरू नये. रेषा तिकडे जात असेल किंवा संकेत विमानांच्या पट्ट्यात अडथळा आणत असेल, तर नोंदी दूरसंचार विभागाच्या वायरलेस मॉनिटरिंग ऑर्गनायझेशनकडे द्याव्यात.

उगम जवळ आला की रिसीव्हर संकेताने भरून जातो आणि सगळ्याच दिशा सारख्या वाटतात. तेव्हा अँटेना काढावी, रिसीव्हर छातीशी धरून स्वतःभोवती फिरावे. संकेत सर्वांत क्षीण होतो तेव्हा उगम पाठीमागे असतो. ठिणगीच्या आवाजासाठी वरच्या वारंवारतेवर जावे, कारण तिथे तो दुरून ऐकू येत नाही आणि ठिणगीपाशीच उरतो.

कुंपण सापडल्यावर तारेला हात लावू नये. शेताच्या मालकांना गाठून रेडिओवरील टकटक ऐकवावी आणि त्यांच्याच हातून यंत्र बंद करून घ्यावे. टकटक त्याच क्षणी थांबली तर शंका उरत नाही. तडकलेला इन्सुलेटर, सैल गाठ किंवा तारेला टेकलेले गवत, यांपैकी काहीतरी असतेच, आणि ते दुरुस्त झाल्याने झटकाही नीट बसतो, हे सांगितले की सहकार्य सहज मिळते. दुरुस्तीनंतर घरी येऊन त्याच वारंवारतेवर पुन्हा ऐकावे, कारण एकाच तारेवर दोन-तीन ठिकाणी ठिणग्या उडत असू शकतात.