जुन्या मारुती ८००ची ट्यूनिंग आणि सस्पेन्शन: या चुका टाळा

मारुती ८०० बंद होऊन दशक उलटलं, तरी तालुक्याच्या गावांत ती अजून रोज धावते. गाडी साधी आहे, पार्ट्स स्वस्त आहेत, म्हणून घरीच काम करायला हात शिवशिवतात. करावंच. पण नव्या पार्ट्सवर पैसे घालूनही गाडी जैसे थे राहते, याचं कारण बहुतेक वेळा पार्ट नसतो, काम करायची पद्धत असते.

जुन्या कार्ब्युरेटरवाल्या गाडीत पहिली चूक म्हणजे आयडलिंग (गाडी उभी असताना इंजिनाचं संथ फिरणं) डळमळलं की थेट कार्ब्युरेटरचा स्क्रू फिरवायला घेणं. कार्ब्युरेटर सगळ्यात शेवटी. आधी इंजिन थंड असताना टॅपेट (व्हॉल्व्हवरची बारीक फट), मग प्लग आणि पॉइंट (डिस्ट्रिब्युटरमधले उघड-मिट होणारे संपर्क), मग टायमिंग (ठिणगी पडायची वेळ). हा क्रम उगाच नाही. पॉइंटचा गॅप बदलला की टायमिंगही सरकतं, त्यामुळे टायमिंग आधी लावून नंतर पॉइंटला हात लावला तर सगळी मेहनत वाया. टायमिंग लावताना व्हॅक्यूम अॅडव्हान्सची (इंजिनाच्या ओढीवर टायमिंग पुढे सरकवणारी) नळी काढून तिचं तोंड बंद करायलाही बरेच जण विसरतात. व्हॅक्यूमच्या रबरी नळ्या वाकवून पाहा. टोकाशी बारीक तडा असला की तिथून हवा ओढली जाते आणि स्क्रू कितीही फिरवा, गाडी ठिकाणावर येत नाही. पीयूसीत पास व्हावी म्हणून मिक्श्चर फार लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) करून ठेवलेल्या गाड्याही अशाच चढावर धक्के खातात.

टॅपेटचा आवाज पूर्ण बंद करायच्या नादात ते घट्ट करू नका. घट्ट टॅपेटमुळे व्हॉल्व्ह नीट बसत नाही आणि जळतो. थोडी टिकटिक परवडली. फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) किंचित अडकत सरकलं पाहिजे. हेड अॅल्युमिनियमचं आहे, म्हणून प्लग गरम इंजिनात काढू नका, आणि बसवताना पहिले आटे हातानेच फिरवा.

सस्पेन्शन: आधी आवाज ओळखा

खडखड आली की 'शॉकअप गेले' असं ठरवून टाकणं ही सगळ्यात महागडी चूक. शॉकअप गेला तर दाबून सोडल्यावर गाडी दोन-तीनदा झुलत राहते, किंवा त्यावर तेल ओघळलेलं दिसतं. बारीक खड्ड्यांवरची टकटक बऱ्याचदा बॉल जॉइंट (चाकाकडचा गोल सांधा) किंवा स्टॅबिलायझर बारच्या (गाडी कलण्यापासून सावरणाऱ्या दांड्याच्या) बूशची, म्हणजे रबरी बैठकीची, असते. उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना करकर आली तर पुढच्या स्ट्रटचं (शॉकअप आणि स्प्रिंग एकत्र असलेल्या भागाचं) वरचं माउंटिंग बघा. चाक उचलून वर-खाली धरून हलवा. लागला खेळ (ढिलेपणा) तर कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा: खेळ गेला तर व्हील बेअरिंग, राहिला तर बॉल जॉइंट. डावी-उजवीकडे धरून हलवताना खेळ असेल तर टाय रॉड एंड (स्टिअरिंग चाकाला जोडणारा सांधा).

आता बूशबद्दल जरा सविस्तर, कारण इथे गॅरेजमध्येही घाई होते. लोअर आर्मचा (चाकाला खालून धरणाऱ्या हाताचा) नवा बूश बसवून, चाक हवेत लटकत असतानाच बोल्ट आवळला जातो. बोल्ट आवळला की आतली लोखंडी नळी जागच्या जागी जखडते. पुढे आर्म हलतो तो फक्त रबराला पीळ पडून. लटकत्या स्थितीत आवळलं तर गाडी जमिनीवर येताच रबराला कायमचा पीळ बसतो. मग नवाकोरा बूशही लवकर फाटतो आणि लोक 'माल डुप्लिकेट होता' म्हणतात. म्हणून बोल्ट नुसता धरेल इतकाच फिरवा, गाडी चाकांवर उतरवा, दाबून झुलवा, थोडी मागेपुढे ढकला आणि मगच पूर्ण आवळा. खाली हात पोहोचत नसेल तर पिटवर घ्या, नाहीतर चारही चाकांखाली सारख्या जाडीच्या मजबूत लाकडी फळ्या ठेवा. मागच्या ट्रेलिंग लिंकच्या (मागचा अॅक्सल धरणाऱ्या दांड्यांच्या) बूशलाही हाच नियम.

शॉकअप जोडीनेच बदला. पुढच्या स्ट्रटची स्प्रिंग कॉम्प्रेसरशिवाय कधीही खोलू नका. दाबलेली स्प्रिंग सुटली तर जीवावर बेतते. गाडीखाली जाताना नुसत्या जॅकवर विसंबू नका, स्टँड लावाच.

टाय रॉड एंड बदलताना आधी लॉक नटच्या बाहेरचे आटे मोजून ठेवा, म्हणजे नवा साधारण त्याच जागी बसेल आणि गाडी अलाइनमेंटच्या दुकानापर्यंत सरळ जाईल. अलाइनमेंट (चाकांची दिशा जुळवणं) मात्र बूश पक्के आवळून झाल्यावरच करा, आधी केलेली फुकट जाते.