जुन्या टॅबमध्ये नवं अँड्रॉइड: गॅलॅक्सी टॅब एस५ई वर लिनिएजओएस

गॅलॅक्सी टॅब एस५ई मध्ये खोट काढायला आजही फारशी जागा नाही. साडेदहा इंची ॲमोलेड स्क्रीन, स्नॅपड्रॅगन ६७०, ४ जीबी रॅम, आणि वजन असं की आडवं पडून वाचताना मनगट भरून येत नाही. अडचण एकच. २०१९ साली अँड्रॉइड ९ घेऊन आलेला हा टॅब अँड्रॉइड ११ वर येऊन थांबला. ॲप्स चालतात अजून, पण सुरक्षेतली भोकं बुजवणारं कोणी उरलेलं नाही, आणि एकेक ॲप ‘तुमच्या डिव्हाइसवर चालणार नाही’ म्हणत हात वर करायला लागतं. याहून जुन्या टॅबचे हाल विचारू नका. ७.१.१ च्या आधीचं अँड्रॉइड लेट्स एन्क्रिप्टचं (वेबसाइटना फुकट सुरक्षा-प्रमाणपत्रं देणारी संस्था) मूळ प्रमाणपत्र ओळखतच नाही, त्यामुळे धडधाकट वेबसाइटसुद्धा ‘असुरक्षित’ म्हणून अडवली जाते. फायरफॉक्स प्रमाणपत्रांची यादी स्वतःबरोबर बाळगतो, म्हणून तेवढा तो सुटतो.

माझा टॅब वाचनाचा आहे. स्कॅन केलेल्या पीडीएफ, लांबलचक लेख, कडेला टिपणं. एवढ्यासाठी नवा घेणं मला पटत नाही, म्हणून त्यावर लिनिएजओएस आहे, म्हणजे सॅमसंगच्या अँड्रॉइडच्या जागी टाकायचं बाहेरचं, मुक्त अँड्रॉइड. सायनोजेनमॉड नावाचं असंच आधीचं अँड्रॉइड २०१६ च्या डिसेंबरात बंद झालं, त्याच कोडवर उभा राहिलेला हा प्रकल्प. खाली दिलेली पद्धत एस५ई ची आहे. बाकीच्या सॅमसंग टॅबवर सांगाडा हाच, फक्त बटणं आणि फाइली बदलतात.

आधी काय गमवाल ते बघा

बूटलोडर (टॅब चालू होताना सिस्टिम उघडणारा आणि बाहेरची सिस्टिम अडवणारा प्रोग्राम) अनलॉक केला की टॅबमधला सगळा डेटा पुसला जातो. यातून पळवाट नाही. त्यापुढची गोष्ट जास्त गंभीर: बाहेरची फाइल फ्लॅश झाली, म्हणजे टॅबच्या सिस्टिमच्या जागी लिहिली गेली, की नॉक्स या सॅमसंगच्या सुरक्षा-व्यवस्थेचा आतला इलेक्ट्रॉनिक फ्यूज उडतो, आणि तो परत जोडता येत नाही. मूळ फर्मवेअर (सॅमसंगची सिस्टिम) परत टाकलं तरी सिक्युअर फोल्डर, सॅमसंग पास या गोष्टी कायमच्या गेल्या. बँकांची बरीच ॲप्स अनलॉक केलेल्या टॅबवर उघडायला नकार देतात. सिनेमे दाखवणारी ॲप्स चालतात, पण वाइडव्हाइन या चोरीरोधक कुलपाची पातळी एल१ वरून एल३ ला घसरली की चित्र एचडी राहत नाही. टॅबवर मुख्यतः सिनेमेच बघत असाल तर माझं ऐका, आहे तसा राहू द्या. एवढ्या सुंदर स्क्रीनवर धुरकट चित्र बघण्यात काय मजा?

वाचन, ब्राउझिंग, चित्रकला, व्हिडिओ कॉल, घरातल्या वाय-फायवरचा संगीत प्लेअर, यातलं काही असेल तर पुढे चला.

मॉडेल नंबर अक्षर न् अक्षर जुळवा

टॅब मरतात ते बहुतेक इथे. ‘टॅब एस५ई’ हे दुकानातलं नाव झालं. सेटिंग्जमध्ये ‘टॅबलेटविषयी’ उघडून मॉडेल नंबर बघा. एसएम-टी७२० असेल तर फक्त वाय-फायवाला, एसएम-टी७२५ असेल तर सिम घेणारा. लिनिएजच्या यादीत पहिल्याचं सांकेतिक नाव जीटीएस४एलव्हीवायफाय, दुसऱ्याचं जीटीएस४एलव्ही. नावात फरक शेपटीपुरता, फाइली मात्र वेगळ्या. डाउनलोड केलेल्या प्रत्येक फाइलच्या नावात तुमचंच सांकेतिक नाव आहे ना, हे डोळ्यांनी वाचा. ‘जवळपास तेच’ मॉडेल असं काही नसतं.

लिनिएजच्या यादीतल्या तुमच्या टॅबच्या पानावर मूळ फर्मवेअर कोणत्या अँड्रॉइडचं असायला हवं तेही लिहिलेलं असतं. टॅब त्याहून मागे असेल तर आधी सॅमसंगचे राहिलेले अपडेट घेऊन टाका. बिल्ड नंबरही कुठेतरी लिहून ठेवा, परतीच्या वेळी लागतो.

आवृत्त्यांचं गणित सोपं आहे: लिनिएज २० म्हणजे अँड्रॉइड १३, २१ म्हणजे १४, २२ म्हणजे १५.

तयारी

फोटो, पीडीएफ, टिपणं संगणकावर उतरवा. पीडीएफवर केलेल्या खुणा फाइलमध्ये साठतात की ॲपच्या पोटात, हे तपासा. पोटात असतील तर आधी एक्सपोर्ट करा. दोन टप्प्यांच्या लॉगिनचे कोड देणारं ॲप याच टॅबवर असेल तर ते आधी दुसरीकडे हलवा. हे विसरलात तर टॅब नवा होईल आणि खाती कुलूपबंद. मग गूगल आणि सॅमसंग, दोन्ही खाती टॅबमधून काढून टाका. नाहीतर सगळं पुसल्यावर टॅब जुन्या खात्याचा पासवर्ड मागत बसतो.

संगणकावर तीन गोष्टी लागतील: गूगलचे प्लॅटफॉर्म टूल्स (संगणकावरून टॅबला हुकूम देणारं एडीबी त्यातच येतं), सॅमसंगचा यूएसबी ड्रायव्हर, आणि विंडोज असेल तर ओडिन (सॅमसंगच्या टॅबमध्ये फाइली फ्लॅश करणारा प्रोग्राम). लिनक्स किंवा मॅकवर ओडिनचं काम हाइमडॉल करतं. फाइली तीन: लिनिएजची झिप, तिच्याच शेजारी ठेवलेली रिकव्हरी (सिस्टिम टाकण्यासाठीचा छोटा मेनू), आणि गूगलची ॲप्स हवी असतील तर माइंडदगॅप्स. गॅप्स ६४ बिटवाला आणि तुमच्या अँड्रॉइडच्याच आवृत्तीचा हवा. पानावर व्हीबीमेटा नावाची आणखी फाइल (सुरू होताना सिस्टिम तपासण्याची माहिती असलेली) दिली असेल तर तीही घ्या, आणि ती कशी टाकायची ते तिथेच वाचा.

फाइली उतरल्या की एसएचए-२५६ (फाइलच्या आतल्या मजकुरावरून निघणारा ओळख-आकडा) पानावरच्या आकड्याशी जुळवा. विंडोजमध्ये त्यासाठी सर्टयुटिल आहेच. अर्धवट उतरलेली झिप दिसायला पूर्ण झिपसारखीच दिसते.

केबलबद्दल मी हट्टी आहे. नुसती चार्ज करणारी केबल चालत नाही, डेटावाली लागते, आणि ती थेट संगणकाच्या पोर्टात लावायची, हबमध्ये नाही. टॅबची बॅटरी निम्म्याच्या वर असू द्या.

अनलॉक

‘सॉफ्टवेअर माहिती’मध्ये बिल्ड नंबरवर ७ वेळा टॅप करा. डेव्हलपर पर्याय उघडतात. त्यात ‘ओईएम अनलॉकिंग’ सुरू करा. टॅब बंद करा. आवाजाची दोन्ही बटणं एकत्र दाबून ठेवा आणि तशीच केबल लावा. आकाशी रंगाची इशारा देणारी स्क्रीन येईल. तिथे आवाज वाढवायचं बटण दाबून धरलं की अनलॉकचा प्रश्न येतो, पुन्हा तेच बटण दाबून होकार द्या. टॅब स्वतःला पुसून नव्याने सुरू होईल.

इथे घाई नडते. अनलॉक झाला, आता करू फ्लॅश, असं वाटतं. थांबा. सुरुवातीचं सेटअप जमेल तितकं वगळत पूर्ण करा, पण वाय-फाय मात्र जोडा. डेव्हलपर पर्याय पुन्हा उघडून ओईएम अनलॉकिंग दिसतंय आणि सुरूच आहे हे बघा. इंटरनेटवर ही खातरजमा झाल्याशिवाय टॅब बाहेरची फाइल घेत नाही. शंका असेल तर डाउनलोड मोडमध्ये (टॅब बंद करून, आवाजाची दोन्ही बटणं दाबून केबल लावल्यावर त्याच आकाशी स्क्रीनमधून उघडणारा, फाइली घेणारा मोड) जा आणि वरच्या डाव्या कोपऱ्यातली बारीक अक्षरं वाचा. केजी स्टेट (सॅमसंगच्या दुरून लागणाऱ्या कुलपाची अवस्था) यापुढे ‘प्रीनॉर्मल’ लिहिलं असेल तर पुढे जाऊ नका. टॅब वाय-फायला जोडून ठेवा आणि वाट बघा. ती अवस्था असताना फ्लॅश केलंत तर ‘फक्त अधिकृत फाइलीच चालतील’ असं लाल अक्षरांत ऐकून घ्यावं लागतं.

रिकव्हरी, आणि ते काही सेकंद

ओडिनला फाइल टार स्वरूपात लागते. लिनिएजची रिकव्हरी आयएमजी असते. तिचं नाव नुसतं ‘रिकव्हरी’ ठेवून, आयएमजी हे शेपूट तसंच राखून, सेव्हन-झिपने टारमध्ये बांधा. हाइमडॉल आयएमजी थेट घेतो.

टॅब पुन्हा डाउनलोड मोडमध्ये न्या. ओडिनमध्ये टार फाइल ‘एपी’च्या खणात टाका. मग ‘ऑप्शन्स’मध्ये जाऊन ‘ऑटो रीबूट’समोरची खूण काढा. हाइमडॉलमध्ये याच कामासाठी ‘नो-रीबूट’ पर्याय आहे. आता स्टार्ट. रिकव्हरीची फाइल लहान असते, हिरवं ‘पास’ लगेच उमटतं.

ती खूण का काढायची? टॅब आपणहून रीबूट होऊन मूळ अँड्रॉइडमध्ये शिरला, तर ते आपली जुनी रिकव्हरी परत लिहून ठेवतं आणि तुमची मेहनत पुसली जाते. म्हणून फ्लॅश झाल्यावर पहिलं बूट रिकव्हरीतच व्हायला हवं, आणि ते हाताने करावं लागतं. केबल काढू नका, काही सॅमसंग टॅब केबल जोडलेली असल्याशिवाय रिकव्हरी उघडत नाहीत. पॉवर आणि आवाज कमी करायचं बटण एकत्र दाबून धरा. काही सेकंद काहीच होत नाही, मग स्क्रीन काळी होते. त्या क्षणी पॉवर तसंच दाबलेलं ठेवून दुसरं बोट आवाज कमीवरून आवाज वाढीवर सरकवा. बोट पूर्ण उचलून, बघून, मग ठेवायला गेलात की उशीर झालाच समजा. टॅब टेबलावर आडवा ठेवून दोन्ही हात मोकळे असतील तर हे नीट जमतं, मांडीवर घेऊन बोटं घसरतात. सॅमसंगची अक्षरं येऊन गेली की बटणं सोडा. लिनिएजची खूण असलेला मेनू दिसला तर जमलं. नेहमीचं अँड्रॉइड उघडलं तर काही बिघडलेलं नसतं, रिकव्हरी पुन्हा फ्लॅश करा आणि बोटांचा खेळ पुन्हा खेळा.

मुख्य काम

आता सगळं सरळ आहे. रिकव्हरीत ‘फॅक्टरी रीसेट’मध्ये जाऊन डेटा फॉरमॅट करा. जुना डेटा मूळ सिस्टिमच्या चावीने एन्क्रिप्ट केलेला असतो, नव्या सिस्टिमला तो वाचता येत नाही, म्हणून हे टाळू नका. मग ‘अप्लाय अपडेट’, त्यात ‘अप्लाय फ्रॉम एडीबी’. संगणकावर टर्मिनल उघडून एडीबी, साइडलोड आणि पुढे झिपचं नाव, मध्ये एकेक जागा सोडून, असं टाइप करा.

आकडे चढत जातात, आणि कधी कधी ४७ टक्क्यांवर थांबतात. शिवाय एडीबी काहीतरी अपयशाची ओळ छापतं, जिच्या शेवटी ‘सक्सेस’ किंवा ‘नो एरर’ असतं. बघून छातीत धस्स होतं, पण काम झालेलं असतं. टॅबच्या स्क्रीनवर काय लिहिलंय ते खरं माना.

गूगलची ॲप्स हवी असतील तर पहिल्यांदा सुरू करण्याआधीच टाका. ‘ॲडव्हान्स्ड’मधून रिकव्हरीच पुन्हा सुरू करा आणि गॅप्सची झिप त्याच पद्धतीने साइडलोड करा. सही जुळत नाही, तरी टाकू का, असं विचारलं जाईल. त्या फाइलवर लिनिएजची सही नसतेच, ‘येस’ म्हणा. आधी टॅब सुरू करून मग गॅप्स टाकलं, तर गूगलच्या ॲप्सना हव्या त्या परवानग्या मिळत नाहीत आणि ती दर थोड्या वेळाने कोसळत राहतात. त्यावर उपाय एकच, पुन्हा फॉरमॅट.

गॅप्स घ्यावं की नाही? ४ जीबीवर खुशाल घ्या. २ जीबी किंवा त्याहून कमी रॅमचा टॅब असेल तर मी घेणार नाही. एफ-ड्रॉइड या मुक्त ॲप्सच्या दुकानात पीडीएफ वाचक, ब्राउझर, व्हिडिओ प्लेअर सगळं मिळतं, आणि मागे सतत चालणाऱ्या सेवा नसल्यामुळे टॅब मोकळा श्वास घेतो.

मग ‘रीबूट सिस्टिम नाऊ’. पहिल्यांदा उघडायला वेळ लागतो, पंधरा मिनिटांपर्यंत धीर धरा. त्याहून जास्त वेळ लोगोच फिरत राहिला, तर रिकव्हरीत जाऊन फॉरमॅट आणि साइडलोड पुन्हा करा.

सुरू झाल्यावर

पुढचे अपडेट सेटिंग्जमधल्या अपडेटरमधूनच येतात, संगणक लागत नाही. मॅजिस्क हे साधन टाकून रूट करण्याच्या, म्हणजे सिस्टिमचे सगळे अधिकार हातात घेण्याच्या फंदात उगाच पडू नका, वाचनाच्या टॅबला त्याची गरज काय? आणि बूटलोडर पुन्हा लॉक करायचा मोह झाला तर आवरा. बाहेरची सिस्टिम असताना लॉक केलेला टॅब सुरूच होत नाही.

बॅटरीच्या सेटिंगमध्ये ‘चार्जिंग कंट्रोल’ दिसतंय का बघा, लिनिएज २० पासून आलेली सोय आहे, पण प्रत्येक उपकरणावर मिळतेच असं नाही. मिळाली तर चार्ज ८० टक्क्यांवर थांबवा. सदा चार्जरला लटकलेल्या जुन्या टॅबला हे मानवतं. थकलेली बॅटरी मात्र कोणतीही सिस्टिम ताजी करत नाही.

परत फिरायचं असेल तर सॅमसंगचं मूळ फर्मवेअर ओडिनने टाकता येतं: बीएल, एपी, सीएससी या नावांच्या फाइली आपापल्या खणात, सिमवाल्या मॉडेलला सीपीही. सीएससीच्या दोन फाइली असतात. ‘होम’वाली डेटा राखते, साधी पुसते. लिनिएजवरून परतताना साधीच घ्या. फर्मवेअर निवडताना तो लिहून ठेवलेला बिल्ड नंबर काढा. त्यात ‘यू’ किंवा ‘एस’ या अक्षरानंतर येणारा आकडा हा बूटलोडरचा क्रमांक. तो तेवढाच किंवा वरचा हवा, खालचा दिलात तर ओडिन मधेच ‘फेल’ म्हणून थांबतो.