फ्यूज उडतो म्हणून जाड तार घालू नका

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, महिन्यावर आली की गोव्यातल्या माझ्या पडवीत जळलेल्या मोटरी, काळे पडलेले बोर्ड आणि पिळवटलेल्या पट्ट्या घेऊन मुलं यायला लागतात. चवथ झाली की दिवाळीला जाळायच्या नरकासुराच्या पुतळ्यांची मंडळी येतात, आणि पुढे शिगम्याच्या, म्हणजे आमच्या होळीच्या सणाच्या, चित्ररथांची. माशेलचे देखावे, हात-मान हलवणारे नरकासुर, पणजी-फोंडा-म्हापसा-मडगावला निघणारे चित्ररथ, यातलं कितीतरी काम कुठल्याही कारखान्यात होत नाही. ते घरामागच्या शेडमध्ये, एक वेल्डिंग मशीन, एक ग्राइंडर आणि भंगारातून आणलेल्या मोटरींवर होतं. या मुलांच्या हातात कला आहे, म्हणून मी त्यांच्यासाठी रात्री जागतो. पण दरवर्षी चुका त्याच होतात, आणि त्यातल्या काही जिवावर बेतणाऱ्या आहेत.

त्यांचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं. यंत्र काहीतरी सांगत असतं आणि ते ऐकण्याऐवजी त्याचं तोंड बंद केलं जातं. फ्यूज उडाला, जाड तार घातली. ड्रिल अडकलं, आणखी जोरात दाबलं. सोल्डरचा डाग बसेना, ॲसिड लावलं.

सप्लाय ट्रिप होतो म्हणून गाडीची बॅटरी जोडणं

ही माझ्या मते सगळ्यात घातक चूक, म्हणून ती सविस्तर सांगतो.

एका वाड्यावरच्या मुलांनी नरकासुराचा उजवा हात वर-खाली करायला भंगारातली वायपर मोटर लावली होती. मोटर चांगली निवडली होती. तिच्यात वर्म गिअर असतो, फेरे कमी आणि जोर भरपूर, शिवाय वीज बंद केली तरी हात खाली कोसळत नाही. सप्लाय होता जुन्या कॉम्प्युटरचा एसएमपीएस, म्हणजे घरच्या विजेतून बारा व्होल्ट काढून देणारा डबा. संध्याकाळी चाचणी घेतली तर हात चार-पाच वेळा हलायचा आणि एसएमपीएस बंद पडायचा. मेन स्विच बंद करून पुन्हा चालू केला की परत यायचा, पुन्हा बंद. मला फोन आला, "काका, सप्लाय बाद झालाय, दुसरा आहे का?" मी म्हटलं, सप्लाय बाद असता तर परत चालूच झाला नसता, आधी हात सोडवून मोटर मोकळी फिरवून बघा. तेवढा धीर कोणाला नव्हता, स्पर्धेचे परीक्षक रात्री येणार होते. कोणीतरी आपल्या गाडीची बॅटरी काढून आणली आणि हात जोरात हलायला लागला. सगळे खूश.

खरी गोष्ट अशी होती की हात बांधलेल्या सुंभाचं एक टोक सुटून मोटरीच्या क्रँकवर (फिरत्या दांड्यावर) गुंडाळलं जात होतं. जरा वेळाने मोटर पूर्ण अडकली. वायपर मोटर मोकळी फिरताना दोन-तीन अँपिअर घेते, पण अडकली की पंधरा-वीसवर जाते. एसएमपीएसने हे ओळखून स्वतःला बंद केलं होतं. बॅटरीला ती अक्कल नसते. गाडीची बॅटरी स्टार्टर फिरवायला बनवलेली, शेकडो अँपिअर देऊ शकते आणि तारेचं काय होतंय ते बघत नाही.

तार होती डेकोरेशनची दोन पदरी, अर्ध्या एमएमची (म्हणजे तांब्याचा छेद अर्धा चौरस मिलिमीटर). तिच्या एका पदराचा रोध मीटरभर लांबीला साधारण ०.०३६ ओहम. पंधरा अँपिअर वाहिले तर दोन्ही पदर मिळून मीटरमागे १६ वॅट उष्णता. उरलेली दोनेक मीटर तार मुलांनी वेटोळं करून पोटातल्या सुक्या गवतात खुपसली होती. म्हणजे गवताच्या मधोमध ३० वॅटच्या वर उष्णता, जी बाहेर पडायला जागाच नाही. २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने कागद जाळता येतो हे त्यातल्या प्रत्येकाला माहीत होतं. वायरीच्या साध्या पीव्हीसीची मर्यादा ७० अंशांची. ते वितळलं, दोन पदर एकमेकांना टेकले आणि पोटातून धूर यायला लागला. आत रद्दी आणि गवत, खांद्यापाशी फटाक्यांच्या माळा आधीच बांधलेल्या, आणि शिडीवर एक मुलगा मुकुट बसवत होता. एकाने बॅटरीची क्लिप ओढून काढली, दुसऱ्याने विहिरीवरची घागर ओतली, म्हणून निभावलं. दुसऱ्या दिवशी ते वेटोळं मला दाखवायला आणलं. सगळे पदर एकजीव होऊन काळा गोळा झाला होता, आणि आत तांबं निळसर पडलं होतं.

माझी सवय सांगतो. बॅटरी वापरायची तर तिच्या पॉझिटिव्ह टोकापासून वीतभर अंतरात फ्यूज हवाच. गाडीच्या दुकानात पात्यांचे फ्यूज मिळतात, लाल रंगाचा १० अँपिअरचा. होल्डरसकट घ्या. तो मोटरीजवळ नाही, बॅटरीजवळ लावायचा, कारण त्याने तार वाचवायची असते. तो उडाला की नवा घालण्यापूर्वी मोटरीवरचा भार सोडवून बघायचं. सिगारेटच्या पाकिटाची चांदी गुंडाळून फ्यूज "दुरुस्त" करणाऱ्याला मी माझ्या पडवीत हत्याराला हात लावू देत नाही.

भाराचाही हिशोब करा. तीन किलोचं वजन सांध्यापासून एक मीटरवर असेल तर ते उचलायला सुमारे ३० न्यूटन-मीटर टॉर्क लागतो. छोट्या गाडीची वायपर मोटर तिथे रडकुंडीला येते. सांध्याच्या मागच्या बाजूला अर्ध्या मीटरवर सहा किलो बांधलंत की हात तराजूसारखा तोलला जातो आणि मोटरीला फक्त हलवण्याचं काम उरतं. वाळूची पिशवी पुरते. मोटर बदलण्याआधी ती बांधून बघा.

तार लांब जाणार असेल, जशी चित्ररथात जाते, तर जाडीवर कंजुषी नको. दहा मीटरवर मोटर, म्हणजे जाऊन-येऊन वीस मीटर. अर्ध्या एमएमच्या तारेत पाच अँपिअरला साडेतीन व्होल्ट तारेतच जातात, मोटरीला मिळतात साडेआठ. अडीच एमएमची घातलीत तर जेमतेम पाऊण व्होल्ट जातो. मल्टिमीटर नेहमी मोटरीच्या टोकांवर आणि मोटर चालू असताना लावा. बॅटरीवर बारा दाखवले म्हणून मोटरीला बारा मिळतात असं नाही.

आणि बऱ्याच वायपर मोटरींची बॉडीच निगेटिव्ह असते. लोखंडी सांगाड्यावर बोल्टने आवळली की सगळा सांगाडा निगेटिव्ह होतो. मग उलटी फिरवायला तारांची अदलाबदल केलीत की सांगाडा पॉझिटिव्ह. दोन मोटरी असतील तर तिथेच शॉर्ट. खाली लाकडाची फळी ठेवा आणि बोल्टला प्लास्टिकचे बुश घाला.

मोटर सुरू झाली की बोर्ड रिसेट होतो, म्हणून प्रोग्रॅममध्ये डिले घालणं

कॉलेजातल्या मुलांची ही आवडती चूक. आर्डुइनो (प्रोग्रॅम घालता येणारा छोटा बोर्ड) आणि मोटर एकाच सप्लायवर, मोटरीने झटका घेतला की व्होल्टेज खाली, बोर्ड पुन्हा पहिल्यापासून सुरू. मग रात्रभर प्रोग्रॅम तपासत बसतात. प्रोग्रॅमचा त्यात काही दोष नसतो. बोर्डाला वेगळा सप्लाय द्या, दोन्हींची ग्राउंड जोडा, बोर्डाच्या सप्लायवर १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाका. रिलेची (विजेने चालणाऱ्या स्विचची) कॉइल थेट पिनवर लावू नका. आर्डुइनो उनोच्या पिनकडून २० मिलिअँपिअरच्या वर मागू नये, आणि साधी रिले त्याच्या तिप्पट-चौपट घेते. मध्ये ट्रान्झिस्टर हवा आणि कॉइलवर उलटा १एन४००७ डायोड, पट्टीची बाजू पॉझिटिव्हकडे. ईएसपी३२ या दुसऱ्या बोर्डाच्या पिनला पाच व्होल्ट देऊ नका, ती ३.३ ची आहे.

पट्टी हातात धरून भोक पाडणं

पत्र्यात ड्रिलचं बिट शिरताना काही होत नाही, पलीकडे निघताना होतं. शेवटचा पातळ पापुद्रा फाटतो, बिटाच्या खाचा त्यात अडकतात आणि पत्रा बिटावर चढून गरागरा फिरतो. त्या क्षणी तो हाताने धरून ठेवणं कोणालाही शक्य नाही, कितीही ताकद असो. डिप्लोमाच्या एका मुलाच्या अंगठ्याच्या बेचक्यात दोन मिलिमीटरची ॲल्युमिनियमची पट्टी घुसली होती. टाके पडले, आणि ऐन परीक्षेत त्याला पेन धरता येत नव्हतं. त्याच्या शेजारी टेबलावर दोन सी-क्लॅम्प पडलेले होते. "एकच भोक होतं," म्हणाला.

एक भोक असलं तरी क्लॅम्प लावा. खाली लाकडाचा ठोकळा, सेंटर पंचाने खूण, आधी तीन मिलिमीटरचं भोक, मग मोठं. वेग कमी ठेवा. माइल्ड स्टीलमध्ये १० मिमीच्या एचएसएस (हाय स्पीड स्टील) बिटाला मिनिटाला ८००-९०० फेरे पुरतात, आणि लोक हँड ड्रिल पूर्ण वेगाने सोडून बिट निळं करतात. निळं पडलेलं बिट कापत नाही म्हणून ते आणखी दाबतात. दाबून उपयोग नाही, धार लावा किंवा नवं घ्या. फिरत्या यंत्राशी हातमोजे घालायचे नाहीत. मोजा अडकला तर तो बोटासकट जातो.

डाग बसेना म्हणून ॲसिडची पेस्ट

गोव्यात ही चूक इतर ठिकाणांपेक्षा महाग पडते, कारण जून ते सप्टेंबर आपली हवाच ओली असते आणि किनाऱ्याकडे तिच्यात मीठही असतं.

सोल्डर तारेवर पसरत नाही, गोळा होऊन पडतं. याची कारणं तीन. तांबं काळवंडलेलं, आयर्नचं टोक जळकं, किंवा जाड तारेला आयर्न कमी वॅटचं. यातलं एकही न तपासता मुलं पत्र्याच्या डब्यांना डाग देणाऱ्याकडची पेस्ट आणतात. तिच्यात झिंक क्लोराइड असतं. डाग चटकन बसतो, चकचकीत दिसतो, आणि तिथेच फसगत होते. ते क्लोराइड धुतलं नाही तर हवेतलं पाणी ओढून घेतं आणि तांबं खात राहतं. मे महिन्यात बनवलेली वस्तू ऑगस्टमध्ये माझ्याकडे येते. वायरीचं आवरण सोलावं तर आत बोटभर लांबीपर्यंत हिरवी भुकटी, आणि तारेचे केसासारखे पदर हात लावताच तुटतात. बोर्डावर हेच झालं तर दोन पिनांमधून गळती सुरू होते आणि मग "पाऊस पडला की आपोआप चालू होतं" अशी तक्रार येते.

राळ वापरा. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात रोझिन फ्लक्स म्हणून मिळते, आणि चांगल्या ६०/४० सोल्डर वायरीत ती पोटातच भरलेली असते. तार ब्लेडने खरवडून तांबं गुलाबी दिसेपर्यंत साफ करा. काळेपणा आवरणाच्या आतपर्यंत गेला असेल तर तेवढी तार कापून टाका, ती सुधारत नाही. आयर्नचं टोक ३५० अंशांच्या आसपास, ओल्या स्पंजवर पुसलेलं आणि सोल्डरने माखलेलं असू द्या. आधी तार तापवा, मग सोल्डर टोकाला नव्हे तर तारेला लावा. काम झाल्यावर जुना टूथब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल. पावसाळ्यात बाहेर राहणाऱ्या बोर्डावर मी लाखेचा स्प्रे मारतो, पण धुऊन पूर्ण वाळल्यावरच. ओलाव्यावर मारलेली लाख ओल आतच कोंडते.

घाईत असलेल्या नवशिक्याला हे सगळं लांबण वाटतं. सांधा दुसऱ्यांदा करण्यापेक्षा हे नक्कीच लवकर होतं.

बाकीच्या, थोडक्यात

आरसीसीबी (विजेची गळती झाली की पडणारा स्विच) वारंवार पडतो म्हणून बायपास करू नका. ३० मिलिअँपिअरची गळती तो पकडतोय आणि ती पुढे तुमच्या अंगातून जाणार असते. एकेक उपकरण काढत शोधा. ओल्या भिंतीतला सॉकेट आणि जुना ग्राइंडर हे माझे पहिले संशयित.

ॲडॅप्टरची अर्थची पिन कापू नका. जांभ्या जमिनीत एप्रिल-मेमध्ये अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, त्यात पाणी ओतत राहा.

दुरुस्त केलेलं काहीही पहिल्यांदा सिरीजमध्ये जोडलेल्या १०० वॅटच्या जुन्या, तारेच्या बल्बमधूनच चालू करा. बल्ब लखलखीत पेटून तसाच राहिला तर शॉर्ट आहे. एसएमपीएस उघडलात तर वीज काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर उरलेले असू शकतात. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडू नका, रेझिस्टरने उतरवा आणि मीटरने खात्री करा.

टाकीत पाणी किती आहे हे बघायला तांब्याच्या तारा सोडून डीसी देऊ नका, एक तार पाण्यात विरघळत जाते. फ्लोट स्विच लावा.

जीआय पाइप वेल्ड करण्याआधी सांध्यावरचा जस्ताचा थर घासून काढा आणि काम उघड्यावर करा. तो पांढरा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो.

फरशी धुण्याचं ॲसिड वर्कशॉपमध्ये ठेवू नका. झाकण घट्ट असलं तरी वाफ निघते, आणि त्याच खोलीतले टॅप (आटे पाडायचं हत्यार), व्हर्निअर, बिटं आठवड्याभरात तांबूस होतात. हत्यारांना खोबरेलही नको, ते खवट होऊन पितळ-तांब्याला धरतं. मशीन ऑइलचा पातळ हात द्या आणि झाकणाच्या डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवा.

एम६ बोल्टचे आटे पाडायला भोक ५ मिलिमीटरचं, एम८ ला ६.८ चं. बारीक भोकात टॅप रेटला की तुटतो, आणि तुटलेला टॅप ड्रिलने निघत नाही. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. स्टीलला तेल, ॲल्युमिनियमला रॉकेल.

ग्राइंडरचा गार्ड काढू नका, आणि कापायच्या चकतीच्या बाजूने घासू नका. चार इंची ग्राइंडर मिनिटाला ११,००० च्या आसपास फेरे घेतो. चकतीच्या मधल्या धातूच्या कडीवर मुदत छापलेली असते. पावसाळाभर ओल्या भिंतीला टेकून राहिलेली चकती मुदतीत असली तरी मी लावत नाही, मोडून टाकतो. पन्नास रुपयांची ती वस्तू. आणि चष्मा डोळ्यांवर हवा. कपाळावर चढवलेला चष्मा घेऊन ग्राइंडर चालवणारे मी इतके पाहिलेत की आता शेडमध्ये शिरल्याबरोबर आधी सगळ्यांच्या कपाळांकडे बघतो.