वाडीत पडलेल्या फणसाच्या फळ्या जागेवरच कशा पाडाव्यात

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते कोकणाला घासून गेलं. दोन्ही वेळा जुने फणस-आंबे मुळासकट आडवे झाले आणि कितीतरी चांगल्या बुंध्यांचं सरपण झालं. वाडी उतरणीवर, पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट) अरुंद, मग ओंडका आरागिरणीपर्यंत न्यायचा कसा? माझं मत स्पष्ट आहे: नेऊच नये, कापायची सोय ओंडक्यापाशी न्यावी. दोन फूट व्यासाचा, आठ फुटी ओला बुंधा म्हणजे साधारण २५ घनफूट लाकूड, वजन सहा-सातशे किलो. त्यातलीच फूटभर रुंद, दोन इंची फळी तीस-पस्तीस किलोची असते. ती दोघं जण खांद्यावरून सहज आणतात.

आधी कागद. फणस, आंबा, ऐन, किंजळ ही झाडं १९६४ च्या वृक्षतोड विनियमन कायद्याच्या यादीत आहेत. झाड स्वतःच्या वाडीतलं असो, वाऱ्याने पडलेलं असो, वनक्षेत्रपालांच्या कार्यालयात अर्ज आणि पंचनामा करून घ्यावा. लाकूड गावाबाहेर न्यायचं तर वाहतूक पास लागतो. आरागिरणीला परवाना लागतो, तेव्हा चेनसॉने (इंजिनावर चालणाऱ्या साखळी-करवतीने) फळ्या पाडण्याबद्दलही त्याच फेरीत विचारून घ्या.

यंत्र

फांद्या तोडायचा पन्नास सीसीच्या आसपासचा चेनसॉ या कामात तापून बसतो. निदान सत्तर सीसी हवा, नव्वद असेल तर उत्तम. त्याच्या बारला, म्हणजे चेन जिच्याभोवती फिरते त्या लांब पट्टीला, ‘अलास्कन मिल’ नावाची लोखंडी-अॅल्युमिनियमची चौकट आवळतात. फळीची जाडी या चौकटीवर ठरते. चौकट बारची चार-पाच इंच लांबी खाते, म्हणून दोन फुटी बुंध्याला तीस इंचांपेक्षा लहान बार घेऊ नये. चेन चिरकामाची हवी. आडवं कापायच्या चेनचे दात तीस अंशांच्या आसपास घासलेले असतात, उभं चिरायच्या चेनचे दहा. साध्या चेनने फळी निघते, पण वेळ खाते आणि पृष्ठभाग खरबरीत येतो.

बुंधा तयार करणं

मुळासकट उपटलेल्या झाडाचा बुंधा मुळांपासून तोडताना सगळ्यात जास्त जपावं. वजन सुटताच मुळांचा गड्डा मातीसकट झपकन मागे, खड्ड्यात बसू शकतो. त्या बाजूला कोणीही उभं राहू नये, पोरं तर नाहीच. मग सुताराला विचारून लांबी ठरवा आणि अर्धा फूट जास्त ठेवा, कारण टोकं चिरतातच.

साल सोलून टाका. फणसाच्या सालीत चीक असतो, शिवाय माती-खडे अडकलेले असतात आणि ते चेनची धार घालवतात. घराजवळच्या झाडात कपड्यांच्या दोरीचे खिळे हमखास सापडतात. ते शोधूनच पुढे जा.

पहारीने बुंधा दोन आडव्या ओंडक्यांवर चढवा आणि दोन्ही बाजूंनी पाचरी ठोका. एक टोक किंचित उंच ठेवलं तर चेनसॉ उताराने स्वतःच्या वजनाने सरकतो आणि कंबर वाचते.

पहिला काप

सगळं यश या कापावर आहे. चौकट सरकायला सपाट पृष्ठभाग लागतो आणि बुंधा तर गोल. म्हणून वर एक सरळ अॅल्युमिनियमची शिडी किंवा ताठ फळी स्क्रूने बसवायची. ती बुंध्यापेक्षा दोन्हीकडे फूटभर लांब असावी, म्हणजे आत शिरताना आणि बाहेर येताना चौकट कलत नाही. दोन्ही टोकांना लेव्हल लावा, मधून सूत मारून पाहा. शिडीला पीळ असेल तर तोच पीळ खालच्या प्रत्येक फळीत उतरतो. स्क्रू कापाच्या रेषेपर्यंत पोचत नाहीत ना, हे मोजून घ्या. धावत्या चेनला स्क्रू लागला तर दात गेलेच.

चेनसॉ पूर्ण वेगात ठेवून हळूहळू पुढे न्यावा, दामटू नये. तीन-चार फूट गेल्यावर मागच्या फटीत लाकडी पाचर घाला, नाहीतर वरचं लाकूड बसून बार आवळतो. काप संपला की लगेच बंद न करता मिनिटभर मंद चालू द्या, इंजिन निवतं. इंधनाच्या प्रत्येक टाकीमागे धार करा. भुश्श्याऐवजी पीठ उडायला लागलं की धार गेली समजायचं.

पुढचे काप आधीच्या कापावरच चौकट ठेवून होतात. प्रत्येक कापात जवळजवळ सेंटीमीटरभर लाकूड भुश्श्यात जातं. म्हणून एक इंची फळ्यांचा हट्ट धरू नये, दोन इंची पाडाव्यात. मधला गाभ्याचा बिंदू एकाच फळीत अडकवा. ती फळी चिरेल, पण बाकीच्या वाचतील.

हेल्मेट, कानबंद, गॉगल आणि चेनसॉची खास विजार हे सगळं अंगावर असावं. एकट्याने हे काम करू नये. धूर तोंडावर येतो, म्हणून वाऱ्याची दिशा बघून उभं राहावं.

उतरवणं आणि वाळवणं

तुकडा हलवायलाच लागला तर चेनपुली भक्कम, जिवंत झाडाला बांधा, बुंध्याखाली पाईपचे तुकडे टाका आणि उताराच्या खालच्या बाजूला कोणी नाही याची खात्री करा. बैल किंवा ट्रॅक्टर लावलात तर ताणलेल्या दोराच्या रेषेत उभं राहायचं नाही.

फळ्यांची टोकं त्याच दिवशी उरलेल्या ऑईलपेंटने रंगवा. मग गोठ्याच्या पडवीत, जमिनीपासून फूटभर वर रचा. दोन थरांमध्ये दीड-दोन फुटांवर सारख्या जाडीच्या पट्ट्या घाला. त्या एकावर एक, एकाच रेषेत याव्यात, नाहीतर फळ्या वाकतात. वर जड दगड ठेवा. कडेचं पांढुरकं लाकूड किड्याला आवडतं, तिथे बोरॅक्स-बोरिक पावडरचं पाणी लावावं. पिवळा गाभा पुढे तपकिरी होतो आणि पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. आपल्याकडचे देव्हारे त्याचेच आहेत.

इंचामागे एक वर्ष असा वाळवणीचा ढोबळ हिशेब धरतात. त्यापेक्षा एक छोटी फळी दर महिन्याला तोलून पाहावी. पावसाळ्यात दमटपणा ओढून वजन थोडं वाढतं, म्हणून हे तोलणं दिवाळीनंतर सुरू करा आणि दोन महिने काटा हलला नाही की सुताराला बोलवा.