एएचयूच्या पॉइंटना टॅग लावताना हवेमागून चला

एका मजल्यावर ‘एएचयू-३ एसएटी’, दुसऱ्यावर ‘सप्लाय टेम्प ०३’, तिसऱ्यावर नुसतंच ‘टीटी-१’. तिन्ही सेन्सर सारख्याच जागचे, एएचयूतून (म्हणजे मजल्याला गाळलेली, थंड केलेली हवा पुरवणाऱ्या यंत्रातून) बाहेर पडणाऱ्या हवेचं तापमान सांगणारे. ज्याने पॅनेल वायर केलं तो साइटवर आहे तोवर कुणाचं अडत नाही. तो गेला की पुढच्या माणसाला एकेक पॉइंट, म्हणजे सेन्सरची किंवा कमांडची एकेक नोंद, शोधत बसावं लागतं. बीएमएस (इमारतीतली यंत्रं बघणारी, चालवणारी संगणक प्रणाली) सांभाळणाऱ्या माणसांचे असे तास वाया गेलेले मला बघवत नाहीत.

मी प्रोजेक्ट हेस्टॅकचे टॅग, म्हणजे पॉइंट काय आहे हे सांगणारे ठरलेले शब्द, वापरते. २०११ पासूनचा हा खुला उपक्रम आहे. ब्रिक ही अशीच दुसरी पद्धतही चांगली आहे, पण एका इमारतीत एकच पद्धत ठेवा.

पॉइंट लिस्ट घेऊन टेबलाशी बसू नका, एएचयू रूममध्ये जा. फ्रेश एअरच्या डॅम्परपासून, म्हणजे झडपेपासून, सुरुवात करा आणि हवा जाते तसे पुढे सरका: मिक्सिंग, फिल्टर, कॉइल, ब्लोअर, डक्ट, मग परतीची हवा. प्रत्येक पॉइंटपाशी तीन गोष्टी विचारा. हवा कुठली? आउटसाइड, मिक्स्ड, डिस्चार्ज (यंत्रातून बाहेर पडणारी), रिटर्न की झोन (खोलीतली). मोजतोय काय? टेम्प, प्रेशर, ह्युमिडिटी. आणि पॉइंट करतो काय: सेन्सर, सीएमडी (कमांड) की एसपी (सेटपॉइंट, म्हणजे ठरवून दिलेलं मूल्य)? या शेवटच्या तिघांपैकी एकच टॅग लागतो. मग ‘टीटी-१’ होतो डिस्चार्ज, एअर, टेम्प, सेन्सर, पॉइंट. जुनं नाव पुसू नका, ‘डिस’मध्ये, म्हणजे पॉइंटच्या दिसणाऱ्या नावात, राहू द्या, ड्रॉइंगवर तेच असतं.

सगळ्यात जास्त वेळ ब्लोअरला द्या. लिस्टमध्ये ‘रन स्टेटस’ लिहिलेलं असतं, पण ती वायर येते कुठून? कॉन्टॅक्टरच्या (मोटरला वीज जोडणाऱ्या स्विचच्या) ऑक्झिलरी कॉन्टॅक्टवरून येत असेल, तर बेल्ट तुटला तरी स्टेटस ‘ऑन’च दिसेल, कारण मोटर फिरतेच आहे. ब्लोअरच्या दोन्ही बाजूंना नळ्या जोडलेल्या डीपी स्विचवरून, म्हणजे दाबातला फरक ओळखणाऱ्या स्विचवरून, येत असेल, तर हवा खरंच ढकलली जातेय हे कळतं. रन सेन्सर दोन्ही, पण ‘डिस’मध्ये उगम लिहाच. ट्रिप आणि ऑटो-मॅन्युअल या दोघांना रनचा टॅग कधीच लावू नका.

फिल्टर चोकअपचा साधा स्विच असेल तर ‘काइंड’ (मूल्याचा प्रकार) बूल, म्हणजे नुसतं हो-नाही, ठेवा. त्याला पास्कल लावलंत तर पुढे कुणीतरी ० आणि १ चा ग्राफ काढून फिल्टर स्वच्छ आहे असं ठरवेल.

सीओटूचं बघाच. सेन्सर बहुतेकदा रिटर्न डक्टमध्ये असतो. त्याला झोन म्हणू नका. तिथे अख्ख्या मजल्याची मिसळलेली हवा येते. खचाखच भरलेली मीटिंग रूम त्यात दिसत नाही, आणि आत बसलेल्यांना डोकं जड का होतंय हे कुणाला कळत नाही.

व्हीएव्हीलाही, म्हणजे झोनला किती हवा जाईल ते ठरवणाऱ्या डक्टमधल्या बॉक्सलाही, डिस्चार्ज टेम्प असतो. टॅग तेच राहतात, फरक ‘इक्विप-रेफ’ने, म्हणजे पॉइंट कुठल्या यंत्राचा हे सांगणाऱ्या टॅगने, पडतो. कुठली व्हीएव्ही कुठल्या एएचयूवर, हे हेस्टॅक ४ मध्ये ‘एअर-रेफ’ सांगतो.

एक एएचयू पूर्ण झाला की थांबा. ‘रन सीएमडी ऑन, रन सेन्सर ऑफ’ अशी क्वेरी चालवा आणि कुणाला तरी त्या ब्लोअरचा आयसोलेटर, म्हणजे वीज तोडणारा स्विच, बंद करायला सांगा. तो एएचयू यादीत आला, तरच तेच टॅग बाकीच्यांवर कॉपी करा. नंतर प्रत्येक एएचयूचे सेन्सर मात्र जागेवर जाऊन बघा.