पुस्तक छापलंत, आता कॉटखालचे गठ्ठे बाहेर कसे काढायचे

अण्णा म्हणजे माझे वडील, एसटीत ३१ वर्षं कंडक्टर होते. रिटायर झाल्यावर रोज संध्याकाळी तेच तेच किस्से ऐकून आम्ही वैतागलो आणि मग मीच एक दिवस मोबाईलवर रेकॉर्ड करायला लागले, त्याचं शेवटी १७६ पानांचं पुस्तक झालं. दोन प्रकाशकांकडे पाठवलं, एकाने आठ महिन्यांनी नाही म्हणून कळवलं, दुसऱ्याने अजून काहीच कळवलेलं नाही, म्हणून म्हटलं जाऊदे, स्वतःच छापू. ५०० प्रती. टेम्पोतून गठ्ठे आले, हॉलमध्ये मावेनात म्हणून कॉटखाली सरकवले, आणि रात्री त्या कॉटवर झोप कशी लागत नाही ते ज्याने स्वखर्चाने पुस्तक काढलंय त्यालाच कळेल.

आता त्यातल्या पन्नासेक उरल्यात. त्या कशा गेल्या ते सांगते, आणि चुका जास्त सांगते कारण त्या जास्त आहेत.

पहिली चूक तर छापायच्या आधीच झालेली. डीटीपीवाल्याकडून, म्हणजे कॉम्प्युटरवर पानं लावून देणाऱ्याकडून, मी फक्त पीडीएफ घेतली. नंतर फेसबुकवर एक उतारा टाकायला म्हणून कॉपी केला तर सगळी गिचमिड, कारण मजकूर श्रीलिपी नावाच्या जुन्या फॉन्टमध्ये होता, कुठल्याही फोनवर चालणाऱ्या युनिकोडमध्ये नव्हता. अख्खं पुस्तक हाताशी आहे आणि चार ओळी पेस्ट करता येत नाहीत! तेव्हा ज्यांचं अजून प्रेसला गेलेलं नाही त्यांनी शेवटची प्रुफं तपासून झाल्यावर पूर्ण मजकूर युनिकोडमध्ये मागून घ्या, पैसे द्यायच्या आधी. पोस्ट, ई-बुक, पेपरला पाठवायचा उतारा, सगळं त्याच फाईलवर चालतं. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख नंबर, राजा राममोहन रॉय नॅशनल एजन्सीकडून ऑनलाईन अर्ज करून फुकट मिळतो, त्याचे कुणी हजार-दोन हजार मागत असेल तर ते फॉर्म भरण्याचे आहेत, नंबरचे नाहीत. आतल्या पानावर प्रकाशक आणि मुद्रकाचं नाव नीट असू द्या, स्वतःच प्रकाशक असाल तर स्वतःचं. मलपृष्ठावर मोठ्या माणसाची पाठराखण, म्हणजे पुस्तकाबद्दल त्यांचे चार शब्द, मिळाली तर छान, पण त्यासाठी पुस्तक सहा महिने अडकवून ठेवू नका.

आता किंमत. इथे भावनेत वाहून जाऊ नका, कागद-पेन घेऊन बसा. आमची प्रत डीटीपी, कव्हर, छपाई, बाइंडिंग सगळं धरून ९५ रुपयांना पडली आणि छापील किंमत २५० ठेवली. एका वितरकाने ५० टक्के मागितले, म्हणजे माझ्या हातात १२५, त्यातून ९५ गेले, राहिले ३०, आणि त्याच्यापर्यंत गठ्ठे पोचवायचं भाडं परत माझंच. तेच पुस्तक मी सवलतीत २०० ला घरपोच दिलं तर पोस्ट-पॅकिंगचे ३० जाऊन ७५ उरतात. वितरक वाईट असं नाही म्हणत मी, त्याला दुकानदाराला त्यातूनच द्यायचं असतं, त्याचंही पोट आहे. पण ५०० प्रतींच्या माणसाने आधी थेट विकावं आणि उरलं तर वितरकाकडे जावं, मी नेमकं उलटं केलं आणि दोन महिने फुकट घालवले.

प्रकाशन समारंभाबद्दल थोडक्यात सांगते कारण आठवलं की अजून चिडचिड होते. हॉल, बॅनर, शाल-श्रीफळ, पाहुण्यांची गाडी, बटाटेवडे आणि चहा. साठ माणसं आली, दोन भाषणं झाली, त्यातल्या एका वक्त्यांनी पुस्तक वाचलेलं नव्हतं हे तिसऱ्या मिनिटाला सगळ्यांना कळलं. विकल्या गेल्या ११ प्रती. आणि नातेवाईक! "माझ्या कॉपीवर सही करून ठेव गं" याचा अर्थ कॉपी फुकट पाहिजे असा होतो, हे मला त्या दिवशी समजलं. तेव्हापासून नियम केला, भेट प्रती मोजून ४५, त्यांची यादी आधी करायची, आणि यादीत तीच माणसं जी वाचून दुसऱ्या कुणाला तरी सांगतील. आत्याला नाही दिली मी. तिने विकत घेतली आणि तिनेच मग भिशीत सात खपवल्या.

समारंभ करायचाच असेल तर पुस्तकातली माणसं जिथे आहेत तिथे करा, आणि मला खरं तर एवढंच सांगायचंय या सगळ्यात. मी आधी 'मराठी वाचक' नावाच्या कुणालातरी शोधत होते, फेसबुकच्या वाचनाच्या ग्रुपांवर कव्हर टाकत होते, अभिनंदन अभिनंदन म्हणून दीडशे कॉमेंट यायच्या आणि ऑर्डर दोन. मग अण्णाच एकदा म्हणाले, अगं आपल्या लोकांना कुठे सांगितलंयस तू? आपले लोक म्हणजे एसटीवाले. आजी-माजी ड्रायव्हर, कंडक्टर, वर्कशॉपवाले, त्यांच्या बायका ज्यांनी रात्रपाळीचे डबे भरले, त्यांची मुलं. यातले निम्मे लोक वर्षाला एक पुस्तक विकत घेत नसतील, पण हे घेतील, कारण यात ते आहेत.

१ जून १९४८ ला पुणे-नगर मार्गावर पहिली एसटी धावली, म्हणून १ जून हा एसटीचा वर्धापनदिन. त्या दिवशी गावाकडच्या डेपोत छोटा कार्यक्रम असतो, रिटायर लोक येतात. आम्ही परवानगी काढून कोपऱ्यात एक टेबल मांडलं. मी आपली पुस्तकं रचून हसऱ्या चेहऱ्याने उभी, आणि लोक येतात, कव्हर बघतात, उलटून किंमत बघतात, ठेवून देतात. अर्धा तास एकही नाही. मग मी माईक मागितला आणि सुट्ट्या पैशांचा किस्सा वाचला, दोनच पानं. सुट्टे नसले की कंडक्टर तिकिटामागे बाकी लिहून देतो ना, तर एका म्हातारीचे चार रुपये असेच लिहून दिलेले आणि ती उतरताना विसरली, आणि अण्णा पुढचे तीन आठवडे त्या थांब्यावर गाडी थांबली की तिला शोधत होते. वाचून झाल्यावर एक काका टेबलाशी आले, म्हणाले, "पोरी, असे माझे किती राहिले असतील गं." आणि दोन घेतल्या. दीड तासात ३७ गेल्या. माईकशिवाय शून्य, दोन पानांनंतर ३७, म्हणून सांगते की पुस्तकाविषयी बोलू नका, पुस्तकातलं वाचून दाखवा. कुठली दोन पानं वाचायची ते घरी चार जणांवर आधी करून बघा, आणि किस्सा संपला की थांबा, मी कसं लिहिलं वगैरे कुणाला ऐकायचं नसतं.

तुमचं पुस्तक विहिरींवर असेल, कीर्तनावर असेल, डायलिसिसवर असेल, दहावी नापास झाल्यावर असेल, त्याचा एक 'डेपो' असतोच कुठेतरी. कवितासंग्रहाचं जरा अवघड आहे, खोटं कशाला बोलू.

त्या किश्श्यावरूनच बुकमार्कची आयडिया आली. जुन्या एसटी तिकिटासारखा पातळ रंगीत कागद, त्यावर पुस्तकाचं नाव, आणि मागच्या बाजूला पेनाने लिहायचं, "बाकी: चार ओळी", खाली माझा व्हॉट्सअॅप नंबर. जुन्या बाजारातून एक पंचिंगचा चिमटा आणला, अण्णा टेबलाशी बसून प्रत्येक तिकिटाला भोक पाडून देतात आणि लोक त्याचेच फोटो काढतात. खर्च हजार तिकिटांना काहीतरी सातशे-आठशे आला. पण त्या 'बाकी'मुळे लोक खरंच चार ओळी पाठवतात! हिशोब बाकी ठेवायला आवडत नाही बहुतेक आपल्या लोकांना. आलेले अभिप्राय मी परवानगी विचारून स्टेटसला लावते, आणि "अप्रतिम, वाचनीय" वाले लावत नाही, "माझा नवरा स्वारगेटला होता, पान ९४ वाचून रडले" असले लावते.

व्हॉट्सअॅपचं नीट समजून घ्या. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये एकावेळी २५६ जण बसतात, आणि ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच मेसेज जातो, त्यामुळे ऑर्डर देणाऱ्या प्रत्येकाला पहिलं वाक्य हेच, की नंबर सेव्ह करा. रोज मेसेज टाकू नका, पंधरा दिवसांतून एक, आणि त्यात काहीतरी वाचायला असू दे, नुसतं "आजच मागवा" नको. किंमत, यूपीआयचा क्यूआर कोड आणि "पत्ता, पिनकोड, मोबाईल नंबर पाठवा" हे एकाच फोटोत ठेवा. लोकांना तीनदा विचारावं लागलं की ऑर्डर गेलीच समजा. आणि इंग्रजी ऑनलाईन मार्केटिंगच्या कोर्सेसमध्ये ईमेल लिस्ट करा म्हणतात ते आपल्याकडे सोडून द्या, माझ्या काकांचा ईमेल त्यांच्या नातवाकडे असतो.

पोस्टाचं. १ मे २०२५ पासून पोस्टात 'ज्ञान पोस्ट' सुरू झालंय, पुस्तकांसाठीच, ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये अधिक कर आणि ५ किलोपर्यंत १००, ट्रॅकिंगसकट. जमिनीवरून जातं म्हणून वेळ लागतो, ते गिऱ्हाइकाला आधीच सांगा. पुस्तकावर मुद्रक-प्रकाशकाचं नाव लागतं ते यासाठीही, मघाशी म्हटलं ना. काउंटरवर कधी कधी आपल्यालाच समजावून सांगावं लागतं, शांतपणे सांगा, गर्दीच्या वेळी जाऊ नका. पहिल्या पावसाळ्यात मी नुसत्या ब्राऊन पेपरात १४ पुस्तकं पाठवली, तीन जणांकडे फुगून पोचली. आता आधी प्लॅस्टिकची पिशवी, मग पुठ्ठा, मग कागद, आणि पत्ता जेल पेनाने नाही, बॉलपेनाने. घरच्या काट्यावर पॅकिंगसकट वजन करून बघा, ३०५ ग्रॅम भरलं तर जीव जातो.

दुकानांचा अनुभव मिश्र. पुण्यात अप्पा बळवंत चौकात गेलात तर बहुतेक ठिकाणी पुस्तक जांगड ठेवतात, म्हणजे विकलं तर पैसे, नाहीतर प्रती परत. यात गैर काही नाही, पण जांगड वही तुमच्याकडे हवी, किती प्रती, कुठल्या तारखेला, कुणाची सही. मी एका ठिकाणी तोंडी विश्वासावर २० ठेवल्या, चार महिन्यांनी गेले तर तो मुलगा काम सोडून गेलेला आणि मालकांना काही माहीत नाही. त्या २० गेल्याच. आता एका दुकानात पाचच ठेवते आणि महिन्याला चक्कर मारते. बुकगंगासारख्या ठिकाणी ऑनलाईन असणं मात्र चांगलं, पुण्याबाहेरचे आणि परदेशातले लोक तिथे शोधतात आणि तुम्हाला प्रत्येकाला अमेरिकेचं पोस्ट किती हे सांगत बसावं लागत नाही.

ग्रंथालयांकडे लेखक फारसे जात नाहीत, आणि माझ्या जवळपास नव्वद प्रती तिथेच गेल्या. महाराष्ट्रात अ, ब, क, ड वर्गातली हजारो सार्वजनिक ग्रंथालयं आहेत, सरकारी अनुदानावर चालतात, खरेदी अनुदानाच्या हप्त्यावर असते, त्यामुळे "आत्ता नाही, फेब्रुवारीत या" म्हणाले तर ते टाळणं नसतं, खरंच फेब्रुवारीत जा. जाताना छापील बिलबुक न्या, सवलत किती ते आधी ठरवून ठेवा, आणि ग्रंथपालबाईंना एक प्रत वाचायला द्या कारण वाचकाच्या हातात काय द्यायचं ते त्या ठरवतात. ग्रंथालय संचालनालय शासनमान्य ग्रंथांची यादी काढतं, तिच्यासाठी प्रत पाठवायच्या मुदतीवर लक्ष ठेवा, यादीत नाव आलं तर बाकी बोलणं सोपं होतं. पहिलंच पुस्तक असेल तर राज्य वाङ्मय पुरस्कारांत प्रथम प्रकाशनाचा वेगळा विभाग असतो, तिथेही पाठवा.

पेपरांत 'साभार पोच'मध्ये, म्हणजे त्यांच्याकडे आलेल्या पुस्तकांच्या यादीत, नाव येतं, त्याने विक्री होत नाही, कात्रण काढून अण्णांनी लॅमिनेट केलंय एवढाच फायदा. त्यापेक्षा ३५० शब्दांचा तयार उतारा फोटोसकट पाठवा, जिल्हा पुरवणीला बऱ्याचदा मजकूर हवाच असतो.

साताऱ्याच्या ९९व्या साहित्य संमेलनात आम्ही चौघांनी मिळून एक गाळा घेतला, एकट्याला भाडं परवडत नाही. चौघांची पुस्तकं वेगवेगळ्या विषयांची असू द्या, म्हणजे एकमेकांच्या गिऱ्हाइकावर डोळा राहत नाही, आणि जेवायला एक गेला तरी बाकीच्यांना त्याचं पुस्तक दोन वाक्यांत सांगता आलं पाहिजे. सुट्टे घेऊन जा. एसटीवाल्याच्या पोरीने हे विसरू नये, पण पहिल्या दिवशी विसरले.

ई-बुक किंडलवर मराठीत टाकता येतं. भारतातल्या विक्रीवर ७० टक्के रॉयल्टी हवी तर त्यांच्या 'केडीपी सिलेक्ट' योजनेत जावं लागतं आणि मग ९० दिवस तेच ई-बुक दुसरीकडे कुठेच ठेवता येत नाही. त्या ९० दिवसांत पाच दिवस फुकट देता येतं, ते दिवस दिवाळीच्या आसपास वापरा. आमचा वाचक कागदवाला, त्यामुळे आकडा किरकोळ आहे, पण दुबईतून एकाने वाचून छापील सहा प्रती भावाच्या पत्त्यावर मागवल्या.

आता दुसऱ्या आवृत्तीचं चाललंय. या वेळी २०० च काढणार, प्रत महाग पडेल पण कॉटखाली बाकीच्या वस्तूही ठेवायच्या असतात. फक्त अण्णांना आणखी सहा किस्से आठवलेत आणि ते घालायचेच म्हणून हटून बसलेत, म्हणजे फॉर्मा (छपाईतला पानांचा संच) वाढणार, किंमत वाढणार, आणि ३०० ग्रॅमच्या आत बसवायचं ते वेगळंच.